टेक द लीड, दस्ती आणि नववी ब

सरकी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

सिनेमा जुना आहे, २००६ चा. ‘टेक द लीड’. मी तो यंदा दिवाळीत माहेरी, भावाच्या लॅपटॉपवर पाहिला आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अंतोनियो बांदेरास न्यूयॉर्कमधला बॉलरूमचा नाचमास्तर. रात्री सायकलवरून घरी निघालेला असताना त्याला एक पोरगा मुख्याध्यापिकेच्या गाडीची नासधूस करताना दिसतो. दुसऱ्या दिवशी हा शाळेत हजर. पण चुगली करायला नाही, “तुमच्या पोरांना मी नाच शिकवतो” म्हणायला. बाई हसते, आणि शाळेला नकोशी झालेली, शिक्षा म्हणून तळघरात बसवलेली सगळी वरात त्याच्या गळ्यात मारते.

आमच्या शाळेला तळघर नाही. कडुनिंब आहे. तास चालू असताना कडुनिंबाखाली कोण उभं आहे ते पाहिलं की नववी ब ची हजेरी निम्मी घेऊन होते.

मी यवतमाळ जिल्ह्यात, वणीच्या अलीकडं एका खेड्यात इंग्रजी शिकवते. पहिला वेचा लागला की नववी ब अर्धी रिकामी. आईसोबत कापसाला गेलं की किलोमागं पैसे मिळतात, माझ्या तासाला बसून काय मिळतं? जी येतात ती दमून येतात, बोटांना पऱ्हाटीच्या बोंडांचे ओरखडे, वही उघडायलाही आळस. चांगली पोरं आहेत, पण “आपलं काही होत नाही” हे त्यांचं नववीतच ठरून गेलंय.

तर, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास मागून घेतला. हेडमास्तरांना “इंग्रजी संभाषण” सांगितलं होतं. (हो, खोटं. पुढं फेडलं.) मला नाचता येत नाही. यूट्यूबवर पाहून मेरेंगे हा एक नाच तेवढा जमला, कारण त्यात डावा-उजवा, डावा-उजवा याशिवाय फारसं काही नाही. कवायतीतला कदमतालच, फक्त कंबर मोकळी सोडायची. मुलींची ओळ फळ्याकडं, पोरांची खिडक्यांकडं, मधे मी. कदमताल झकास झाला. मग मी म्हटलं, “आता समोरच्याचा हात धरा.”

सगळं थांबलं. कुणी खिदळलंसुद्धा नाही. पुढची एक मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, गुंडाळत गुंडाळत बोटाचं पेर पांढरं पडलं. पोरं जमिनीकडं. शेवटी कडुनिंबाखालच्या कायम सदस्यानं खिशातून दस्ती काढली (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: हातरुमाल), झटकली, एक टोक आपल्या मुठीत धरलं आणि दुसरं पुढं केलं. “धर म्हना तिले मॅडम. मी काही हात नाय लावून रायलो.”

ओढणीवालीनं धरलं. पाच मिनिटांत वर्गात होत्या नव्हत्या तेवढ्या दस्त्या बाहेर आल्या. दोघांमधे हातभर कापड, ते ना सैल पडू द्यायचं ना ओढायचं. सिनेमात जे शिकवायला बांदेरासला दीड तास लागतो ते या कापडानं एका दुपारी शिकवलं.

पुढच्या शनिवारी पुन्हा. आणि त्याच्या सोमवारी दोन पालक ऑफिसात. “शाळेत डान्स हंगामा चालू आहे असं ऐकलं.” हेडमास्तर माझ्याकडं न बघता म्हणाले, “मॅडम, आपण लेझीमच घेऊ.”

बंद झालं. मला विचारायचंय ते हे: सिनेमा खोटं बोलतो का? की मीच कुठं चुकले?

अर्धं_तिकीट | १७ नोव्हेंबर, रात्री ११:०५

नागपुरातून. सिनेमा खोटं बोलतो, आणि नेमकं तुमच्या दुखण्यावरच बोलतो.

दिग्दर्शिका लिझ फ्रीडलँडर, आधी म्युझिक व्हिडिओ करायची, हा तिचा पहिला सिनेमा. म्हणून नाच चकचकीत आणि मधली शिकण्याची कटकट दोन-चार कटमध्ये खलास. न्यूयॉर्क म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं टोरांटोत काढलंय. तेही जाऊ द्या. मोठी थाप वेगळी आहे. बांदेरासनं केलेला पियरे ड्युलेन हा खरा माणूस. जन्म १९४४ चा, जाफाचा. १९४८ ला कुटुंब तिथून बाहेर पडलं. १९९४ पासून न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत तो शिकवायला लागला. पण कोणाला? पाचवीच्या पोरांना! दहा-अकरा वर्षांच्या. गुंड, तळघर, फुटलेली गाडी हे सगळं सिनेमावाल्यांचं. पाचवीच्या पोरांवर तिकीट खपत नाही, म्हणून त्यांना मिशा फुटवल्या.

खरी पोरं पाहायची तर २००५ ची ‘मॅड हॉट बॉलरूम’ ही डॉक्युमेंट्री पाहा. तिथंही पहिल्या दिवशी हात धरायला तोंडं वाकडीच. पण ती “ईऽऽ” वाली. “गाव काय म्हणेल” वाली नाही. या दोन लाजांमधे चार वर्षांचं अंतर आहे.

बरबटी | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:१२

मॅडम राग नका मानू, पन पोट्ट्यायच्या खिशातून दस्ती निघाली हेच नशीब. आमच्याकडं खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीची) पन्नी निघते. सातवीपासून घोटून रायले. पैले ते सोडवा, मंग नाचवा. आन् नाचाचं काय कौतुक? वरातीत डीजेपुढं याच पोट्ट्याले पाहा, नागीण करताना मातीत लोयते. तेवा लाज नाय लागत.

सरकी | १८ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

बरबटीभाऊ, राग कशाला. खर्रा आहेच. माझ्याच वर्गात आहे, वास ओळखता येतो.

पण वरातीचं तुम्ही बोललात म्हणून सांगते. मी नीट पाहिलंय. वरातीत पोरगा एकटा नाचतो. शंभर जण असतील तरी एकटाच. डोळे मिटून, वर हात करून, समोर कोण आहे याचा पत्ता नाही. आणि मुली कुठं असतात? मागं, बायांच्या घोळक्यात, टाळ्या वाजवत. समोरच्याचं पाऊल कुठं पडतंय ते पाहून आपलं टाकायचं, हे त्यांच्याकडून कुणी कधी मागितलेलंच नाही.

सिनेमातला मला आवडलेला प्रसंग टँगोचा नाहीच (तो मी वर्गात दाखवला असता तर आज नोकरी शोधत असते). पालकसभेचा आहे. एक मास्तर तक्रार करतो की नाच शिकवून काय होणार. तेव्हा बांदेरास मुख्याध्यापिकेलाच नाचायला घेतो आणि तिच्याशी नाचता नाचता सभेला सांगतो की आपल्याला अदबीनं कसं धरतात हे जिला कळलं, तिला कोण वाईट धरतोय तेही कळतं. मला हे वाक्य आमच्या त्या दोन पालकांपुढं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “हो सर, लेझीम घेते.”

वडसा_रोड | १८ नोव्हेंबर, रात्री ८:५०

नमस्कार मॅडमजी. मी झाडीपट्टीतला, गडचिरोली-गोंदियाकडचा. वीस सीजन नाटकात काम केलो. भाऊबीज झाली का आमची मंडई (जत्रा) लागते अना होळीपर्यंत घरी झोप नाही. आज या गावी, उद्या त्या गावी. रात्री दहाला पडदा, पहाटे खाली.

तुमच्या पालकायनं ‘हंगामा’ म्हटलं ते काहून, ते सांगतो. आधी आमच्या दंडारीत, म्हंजे जुन्या लोकनाट्यात, बाईचं काम मानूसच करे. माझ्या बाबानं लुगडं नेसून केलं हाये. मंग नाटकात बाया आल्या, चांगल्या कलाकार आल्या, नाव झालं. २०२३ ला आमच्या परशुराम खुणेजीले पद्मश्री भेटली, तो दिवस आमी दिवाळीसारखा केलो. पन त्याच झाडीत आता हंगाम्याचे पोस्टर लागते. रिमिक्स, कमी कपडे, नोटा उडवने. लोकायच्या डोक्यात ‘डान्स’ म्हटलं का तेच येते जी. त्यायची पोरगी अना ‘डान्स’ हे दोन शब्द त्यायले एका वाक्यात नको वाटते. चूक त्यायची एकट्याची नाही.

एक अनुभव. नवीन पोरगा हिरो म्हनून आला का हिरोईनचा हात धरताना तो हातच धरत नाही, मनगट पकडते. चोर पकडल्यासारखा! आमचे डायरेक्टर म्हनत, “बापू, तळहात पुढं कर, उलटा. ते ठेवीन तुह्या हातावर. तू धरू नको.” एवढं शिकाले एक सीजन जाते. तुमची दस्ती पाहून मले तेच आठवलं.

मोहफूल | १९ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

दोन दिवस वाचतोय, आता लिहितोच. थोडं तिखट होईल.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीकडचा, गोंड. आश्रमशाळेत शिकलो, आता आश्रमशाळेतच शिकवतो. आमच्याकडं ढेमसा नाच असतो. बाया-माणसं, पोरंपोरी, एकमेकांच्या पाठीमागून हात घालून ओळ होते, ढोल वाजतो, ओळ वळते. लग्नात, सणात. कुणी कुणाला “हात धर” सांगत नाही, धरलेलाच असतो. ओळीत एकाचं पाऊल चुकलं तर ते सगळ्यांच्या खांद्यांना कळतं. दिवाळीत दंडार निघते, घुसाडी नाचणारे मोरपिसांचा टोप घालून गावोगाव जातात. तेलंगणातल्या मारलवाईच्या कनकराजूंना २०२१ ला याच घुसाडीसाठी पद्मश्री मिळाली. वडसा_रोड म्हणतात ती दंडार वेगळी, ही वेगळी, पण शब्द एकच, हेही कधीतरी बोलू.

मॅडम, तुमचं गाव वणीच्या अलीकडं. म्हणजे नववी ब मध्ये चार-पाच कोलाम-गोंड पोरं असणार. असणारच. ती पोरं मेरेंगे शिकायला भिंतीला चिकटून उभी होती आणि त्यांच्या पोडावर (वस्तीवर) हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सुटलेला आहे, हे तुम्हाला सुचलं नाही. न्यूयॉर्क सुचलं.

सिनेमावर माझा रागही तोच. पोरांकडं त्यांचा हिपहॉप आहे. तो अंगात आहे, तालात आहे. पण ती ‘सुधारली’ हे कधी सिद्ध होतं? बॉलरूमच्या झुंबराखाली सूट घालून उभी राहिली तेव्हा. शेवटी दोन्ही नाच मिसळले म्हणून आपण खूश व्हायचं. पण स्पर्धा कुणाची, परीक्षक कुणाचे?

मी शाळेत असताना साहेब आले की आम्हाला मोरपिसं बांधून उभं करायचे. साहेब गेले की वर्गात गोंडी बोललं तर हसायचे. म्हणून “मुलांच्या कला” वगैरे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुम्ही तसं करणार नाही, एवढं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं, म्हणून लिहिलं.

अर्धं_तिकीट | १९ नोव्हेंबर, दुपारी १२:०२

मोहफूल, मुद्दा शंभर टक्के. पण सिनेमाच्या बाजूनं एक सांगतो. त्यातली शेवटची तिघांची टँगो. एक मुलगी, दोन पोरं, दोघांनाही तिच्याबरोबर नाचायचंय, म्हणून तिघं नाचतात. बॉलरूमच्या नियमात हे बसत नाही. माझ्या मते तिथं पोरं झुंबराखाली गेली नाहीत, झुंबर जरा खाली आलं.

आणि आपल्याकडं ‘झुंड’ आला (२०२२, नागराज मंजुळे), त्यातही शेवट मैदानावर होत नाही, विमानतळावर होतो. नागपूरच्या विजय बारसे सरांनी २००१ ला झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्लम सॉकर सुरू केलं ती गोष्ट. फुटबॉलचं एक बरं, त्यात हात लागला की फाऊल. सरकी मॅडमना ही सोय नाही.

बरबटी | १९ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

😂 हात लागला की फाऊल. हेडमास्तरले सांगा, नियम तयारच हाय.

सरकी | १९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मोहफूल सर, तुमचं वाचून दिवसभर गप्प होते. पाच नाही, सात आहेत. आणि ज्यानं दस्ती काढली तो त्यातलाच. मी त्याला आज विचारलं, तुमच्याकडं कसं नाचतात? तो म्हणाला, “ते घरचं हाय मॅडम. शाळेत कायले?” आणि निघून गेला. मी पुढं काही विचारलं नाही.

मोहफूल | १९ नोव्हेंबर, रात्री १०:४८

बरोबर केलंत. सांगायचं असेल तर तो सांगेल. नसेल तर ते घरचं आहे.

न्यूजर्सीची_मावशी | २० नोव्हेंबर, सकाळी ६:३०

मूळची अकोल्याची. काही वर्षं आम्ही क्वीन्समध्ये राहिलो तेव्हा माझा लेक पाचवीत होता आणि ड्युलेनसाहेबांचा हाच कार्यक्रम त्यांच्या शाळेत आला होता. आठवड्यात दोन तास, असे वीस तास. फुकटचा सल्ला देते, मनगटासारखा पकडू नका, तळहातावर ठेवते.

एक: जोडी म्हणून नसतेच. सगळी पोरं गोलात, आणि दोन-तीन मिनिटांनी मास्तर सांगतो, मुलींनी एक घर पुढं. हा आला, तो गेला. अख्ख्या तासात प्रत्येकजण प्रत्येकाबरोबर नाचतो. त्यामुळं अमक्याची तमकी असं चिडवायला कुणाला जागाच राहत नाही. मॅडम, तुम्ही ओळी समोरासमोर लावल्यात आणि “समोरच्याचा” म्हणालात. गावात समोरासमोर म्हणजे जोडी. माझ्या सासरी तर समोरासमोर पंगतीला बसलं तरी सोयरीक विचारतात.

दोन: नाच झाला की थांबून नमस्कार. माझा कार्टा घरी बहिणीलासुद्धा ढकलल्याशिवाय बोलत नसे, तो दर तासाला वीस मुलींना “थँक यू” म्हणून यायचा. नाच दोन महिन्यांत विसरला. आजही दार उघडून धरतो. आता ते नाचामुळं की माझ्या ओरडण्यामुळं, देव जाणे.

तीन: अर्धं_तिकीट म्हणतात ते खरं. पाचवीला धरा.

वडसा_रोड | २० नोव्हेंबर, सकाळी ९:०५

मावशीजी बरोबर. अना मॅडमजी, गाना लावू नका. स्पीकरचा आवाज गावात गेला का हंगामा. खंजिरी घ्या. गावात गुरुदेव सेवा मंडळ असनच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजायच्या खंजिरीवर कोन आक्षेप घेईन? केरवा ताल आठ मात्रांचा, तुमचा डावा-उजवा त्यात बरोबर बसते.

सरकी | २० नोव्हेंबर, रात्री ९:२०

वडसा_रोड काका, मी तुमच्या पाया पडते.

सरकी | २९ जानेवारी, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी विचारलं पुढं काय झालं.

हेडमास्तरांना आधी खरं सांगितलं, ‘इंग्रजी संभाषणा’सकट. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, “पाचवी. मैदानावर. दार उघडं.” मैदानाला दार नाही, पण मी हो म्हटलं.

पाचवीला गोल, एक घर पुढं, दस्ती. पहिल्या दिवशी “ईऽऽ” झालं, अगदी सिनेमासारखं नाही, डॉक्युमेंट्रीसारखं. तिसऱ्या दिवशी दस्ती कमी पडली म्हणून दोघांनी सरळ हात धरला आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मी बघत होते, काही बोलले नाही. नंतरही दस्ती बंद केली नाही. ज्याला हवी त्यानं घ्यावी.

खंजिरीला नववी ब. दस्तीवाला आणि त्याचा एक मित्र. मित्राचे बाबा भजनात वाजवतात, त्याच्या बोटांत केरवा जन्मापासून आहे. दस्तीवाल्याला वाजवता येत नव्हतं, त्यानं दुसरंच काम उचललं. गोलाबाहेर उभा राहून ज्या पोराचं पाऊल चुकतं त्याच्या बाजूला जाऊन तेच पाऊल नुसतं टाकत राहायचा. बोलायचा नाही, हात लावायचा नाही. पोर आपोआप जुळायचं. हे त्याला मी शिकवलेलं नाही. मोहफूल सर, मला वाटतं तुम्हाला माहीत आहे ते कुठून आलं. मी विचारलं नाही.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर तीन मिनिटं मिळाली, लेझीम आणि सरपंचांच्या भाषणाच्या मधे. खंजिरीवाला होता. दस्तीवाला आला नाही. फरदडीचा उरलासुरला कापूस जिनिंगला चालला होता, तो गाडीवर गेला. सिनेमात असतं तर तो शेवटच्या क्षणी धावत आला असता. मी दोनदा रस्त्याकडं पाहिलंसुद्धा.

नाच बरा झाला. एकदा गोल उलटा फिरला, हसले सगळे. तक्रार करणाऱ्या दोघांपैकी एकाची पुतणी त्यात होती. ते मोबाइलवर शूटिंग करत होते. दुसरे आले नाहीत.

बरबटी | ३० जानेवारी, सकाळी ७:०५

लय भारी मॅडम. बोललो होतो ते थोडं वापस घेतो. खर्ऱ्याचं वापस नाय घेत.

न्यूजर्सीची_मावशी | ३० जानेवारी, सकाळी ७:४०

व्हिडिओ टाका ना!

सरकी | ३० जानेवारी, रात्री ८:१०

मुलांचे चेहरे आहेत मावशी, इथं नाही टाकणार.

बरबटीभाऊ, खर्ऱ्याचं वापस घेऊच नका. कार्यक्रमाच्या दस्त्या पोरांनी घरून आणल्या होत्या, नंतर सगळ्या एका पिशवीत गोळा झाल्या. काल वाटल्या. “ही माझ्या बाबाची”, “ही आजीची, तिनं कालपासून जीव खाल्ला” असं करत सगळ्या गेल्या. एक उरली. निळी, चौकड्यांची, कोपऱ्यात खर्ऱ्याचा तांबूस डाग. पाचवीतल्या कुणाचीच नाही. दोनदा साबणानं धुतली, डाग जात नाही. घडी करून टेबलाच्या खणात ठेवली आहे. दस्तीवाला आज आला होता, कडुनिंबाखाली होता दुसऱ्या तासाला. मी खण उघडून खिडकीतून त्याला दाखवली. त्यानं पाहिलं आणि मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही.